एका अंड्यातून लायसोझाइम: काढायचं कसं, मोजायचं कसं

सगळ्यात आधी आठ रिकाम्या बरण्या गोळा करा; प्रत्येक टप्प्यावर जे निघेल ते ओतून न देता यांत ठेवायचंय. जॅमच्या, लोणच्याच्या, कसल्याही चालतील; फक्त स्वच्छ धुतलेल्या आणि झाकण घट्ट बसणाऱ्या हव्यात. प्रत्येकीवर कागदी पट्टी चिकटवा आणि पेन्सिलीने नंबर घाला. मार्करने नको. इथेनॉलचा ओला हात लागला की मार्करचं लिखाण जातं, पेन्सिलीचं राहतं.

या बरण्या कुठल्याही प्रॅक्टिकलच्या पुस्तकात सामानाच्या यादीत नसतात. मी एकवीस वर्षं अकोल्यात बायोकेमिस्ट्रीची प्रॅक्टिकल घेतेय, आणि माझ्यासमोर बुडालेले प्रोजेक्ट आठवले तर बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) चुकल्यामुळे बुडालेले थोडे, ‘हे आता काय कामाचं’ म्हणून बेसिनमध्ये ओतल्यामुळे बुडालेले जास्त. त्यात एक माझा स्वतःचा. तो पुढे येईलच.

प्रथिन वेगळं करायला शिकायचं तर कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम, म्हणजे जिवाणूंची भिंत तोडणारं एन्झाइम, घ्या, असं मी प्रत्येक बॅचला सांगते. एन्झाइम दणकट आहे, अंडं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं, आणि काम फसलं तर नुकसान सात-आठ रुपयांचं. दरवर्षी एखादी तरी माळकरी घरातली मुलगी वर्गात असते. तिला अंडं फोडायला मी लावत नाही. तेवढं आमचे शिपाईमामा करतात, पुढचं सगळं तिचं. आणि हे प्रॅक्टिकल श्रावणात लावायचं नाही, एवढं पथ्य मी पाळते.

मुळात हे चिकटतं कशामुळे

अंड्याच्या पांढऱ्या भागात साधारण दहा टक्के प्रथिनं असतात. त्यांतली निम्म्याहून थोडी जास्त एकटं ओव्हाल्ब्युमिन. त्याखालोखाल ओव्होट्रान्सफेरिन आणि ओव्होम्युकॉइड, प्रत्येकी अकरा-बारा टक्के. लायसोझाइम जेमतेम साडेतीन टक्के. म्हणजे शंभर माणसांच्या घोळक्यातून तीन-चार जण हुडकायचे आहेत. ते हुडकता येतात, कारण त्यांचा स्वभाव बाकीच्यांपेक्षा उलटा आहे.

लायसोझाइमची साखळी १२९ अमिनो आम्लांची. तिच्यात ११ आर्जिनीन आणि ६ लायसिन, म्हणजे धन भार असलेली सतरा. ऋण भाराची फक्त नऊ: ७ अ‍ॅस्पार्टिक, २ ग्लुटामिक. सतरातून नऊ गेले, उरले आठ. उदासीन पाण्यात या रेणूवर साधारण आठ धन भार शिल्लक राहतो, आणि तो शून्यावर आणायचा तर पीएच अकराच्या आसपास न्यावा लागतो. ओव्हाल्ब्युमिनचा भार साडेचारलाच शून्य होतो, ओव्होम्युकॉइडचा चारच्या जरा वर, ओव्होट्रान्सफेरिनचा सहाच्या थोडा पुढे. आता पीएच ८.२ ला काय होईल ते सांगा. बाकी सगळी मंडळी ऋण, हे एकटं धन. समोर ऋण भाराचं रेझिन, म्हणजे भार असलेले बारीक दाणे, ठेवलं की हे त्याला जाऊन चिकटतं आणि बाकीचे वाहून जातात. अ‍ॅविडिन नावाचं आणखी एक धन भाराचं प्रथिन अंड्यात असतं, पण इतकं थोडं की आपल्या कामात ते आड येत नाही.

ही बेरीज-वजाबाकी वहीत स्वतःच्या हाताने करा. तुमचं प्रथिन उद्या दुसरं असेल, तेव्हाही रेझिन निवडायची पहिली पायरी हीच.

या साखळीत आठ सिस्टीन आहेत. त्यांच्या जोड्या जुळून गंधकाचे चार पूल तयार होतात, आणि ते अख्ख्या घडीला शिवणीसारखे धरून ठेवतात. म्हणून हे एन्झाइम आमच्या उन्हाळ्यालाही दाद देत नाही. घडीचा आकार दोन कप्प्यांचा, मधोमध खोल खाच. जिवाणूच्या भिंतीतली साखरेची साखळी त्या खाचेत बसते आणि ३५ क्रमांकाचं ग्लुटामिक व ५२ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टिक मिळून ती तोडतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली सर्दी झालेल्या नाकाच्या स्रावात हा गुण पाहिला आणि त्याला लायसोझाइम हे नाव दिलं, पेनिसिलिन नंतरचं. १९६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी याच्या घडीची रचना शोधून काढली. एन्झाइमांपैकी ज्याची घडी दिसली असं हे पहिलं.

बफर, आणि अकोल्याचा मे महिना

५० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ८.२, दोन लिटर करून ठेवा. लिटरला ६.०६ ग्रॅम ट्रिस. आठशे मिलि पाण्यात विरघळवा, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच खाली आणा, मग लिटरपर्यंत पाणी घाला. त्यातलं अर्धा लिटर बाजूला काढून त्यात १४.६ ग्रॅम मीठ घाला. हा ०.५ मोलर मिठाचा बफर शेवटी प्रथिन सोडवून घ्यायला लागेल.

ट्रिसची एक खोड आहे. तापमान अंशाने वाढलं की त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने उतरतो. पंचवीस अंशांना ८.२ लावलेला बफर फ्रिजमध्ये चार अंशांना ८.८ च्या घरात जातो, आणि मे महिन्यात आमच्या लॅबमधला एसी बंद पडून चाळीस झाले की ७.८ वर येतो. लायसोझाइमला याचं काही वाटत नाही, त्याचा शून्यबिंदू, म्हणजे भार शून्य होतो तो पीएच, फार लांब आहे. पण पुढे ज्याचा शून्यबिंदू साडेसात आहे असं एखादं प्रथिन हातात आलं तर याच खोडीने रात्र फुकट जाते. म्हणून बफर ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला पीएच लावा आणि बाटलीवर तापमान लिहा. नुसतं ‘ट्रिस ८.२’ ही अर्धीच माहिती झाली.

अंडं फोडण्यापासून कॉलमपर्यंत

कवच ओल्या फडक्याने पुसून घ्या. पांढरा भाग वेगळा काढताना पिवळा बलक फुटला तर ते अंडं बाजूला ठेवा, दुसरं घ्या. बलकातली चरबी पुढे गाळणं नकोसं करते. एका अंड्यातून तीसेक मिलि पांढरा भाग निघतो. मोजपात्रात नेमका मोजून वहीत लिहा. बलकाचं काय करायचं हे दरवर्षी कुणीतरी विचारतं. लॅबमध्ये फोडलेलं अंडं खायचं नाही, विषय संपला.

आता चौपट बफर घाला: ३० मिलिला १२०, एकूण १५० मिलि. पातळ करण्याचं कारण फक्त चिकटपणा नव्हे. अंड्यातले क्षार रेझिनवरच्या जागांसाठी लायसोझाइमशी भांडतात, त्यांचा जोर कमी करायचा असतो. काचेच्या कांडीने हळूहळू ढवळा. ताक घुसळल्यासारखं घुसळू नका. फेसाच्या बुडबुड्यावर हवा आणि पाणी भेटतात तिथे प्रथिनाची घडी मोडते. मोडलेलं प्रथिन पुन्हा जागेवर येत नाही, त्याचे पांढरे धागे होतात.

थोडे धागे तसेही दिसतीलच. ते ओव्होम्युसिन, पातळ केल्यावर बाहेर पडणारं. मलमलच्या दुपदरी कापडातून गाळा, मग दहा हजार आरपीएमला पंधरा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. त्याआधी पीएच तपासा. ताज्या अंड्याचा पांढरा भाग साडेसातच्या पुढे असतो; जुन्या अंड्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून उडून गेल्यामुळे तो नऊच्याही वर पोचतो. ८.२ पासून फार हलला असेल तर सौम्य आम्ल किंवा अल्कलीचे थेंब घालून परत आणा.

गाळण्याआधीच्या द्रवातलं दोन मिलि बरणी १ मध्ये, सेंट्रिफ्यूजनंतरच्यातलं दोन मिलि बरणी २ मध्ये, आणि खाली बसलेला चोथा बरणी ३ मध्ये. होय, चोथासुद्धा. सगळ्या बरण्या बर्फात. आमच्याकडे बर्फाचं यंत्र नाही. उन्हाळ्यात मामा शेजारच्या रसवंतीवाल्याकडून लादीचा तुकडा आणतात आणि पोत्यात घालून हातोडीने फोडतात.

रेझिन सीएम-सेल्युलोज किंवा सीएम-सेफारोज (सीएम म्हणजे कार्बॉक्सिमेथिल, ऋण भार त्याचाच), बसलेलं दहा मिलि. ते बफरने तीनदा धुऊन घ्या. अंड्याचं द्रावण सरळ कॉलमवर ओता असं पुष्कळ ठिकाणी शिकवतात. मला ते पटत नाही. चिकट द्रावणाने कॉलम तुंबतो आणि दुपार थेंब मोजण्यात जाते. त्यापेक्षा चंचुपात्रात रेझिन आणि द्रावण एकत्र करा, पाऊण तास अधूनमधून कांडीने हलवत राहा. चुंबकाची गोळी टाकून ढवळू नका, ती तळाशी रेझिनचे दाणे दळून काढते. पाऊण तासाने रेझिन खाली बसू द्या आणि वरचं पाणी बरणी ४ मध्ये ओता. सगळंच्या सगळं. तिथे ओव्हाल्ब्युमिन वगैरे असायला हवं, पण ‘असायला हवं’ आणि ‘आहे’ यांत अंतर असतं.

रेझिनवर पन्नास मिलि बफर, हलवा, बसू द्या, ओता. असं तीनदा. हे धुणं बरणी ५. मग वीस मिलिच्या प्लास्टिक सिरिंजचा दट्ट्या काढा, तळाशी काचलोकरीचा छोटा बोळा बसवा आणि रेझिन तिच्यात घाला. तुमचा कॉलम झाला. विकतचा काचेचा कॉलम देखणा असतो, पण एवढ्या कामासाठी सिरिंज काही कमी पडत नाही. रेझिनच्या वर नेहमी बोटभर बफर राहू द्या. वरचा थर कोरडा पडला की भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतूनच पळतं.

खालून येणाऱ्या पाण्याचं २८० नॅनोमीटरला रीडिंग (प्रथिन त्या लांबीचा प्रकाश किती शोषतं ते) ०.०५ च्या खाली येईपर्यंत बफर घालत राहा. मग मिठाचा बफर सुरू करा आणि पाच-पाच मिलिच्या नळ्या भरा. मिठातल्या सोडियमच्या गर्दीपुढे लायसोझाइमची पकड सुटते. दुसऱ्या-तिसऱ्या नळीपासून रीडिंग एकदम चढतं, पाच-सहा नळ्यांत उतरतं. चढ-उतारातल्या नळ्या एकत्र करा: साधारण पंचवीस मिलि. ही बरणी ६. अलीकडच्या-पलीकडच्या नळ्या बरणी ७ मध्ये.

रेझिन एक मोलर मिठाने धुऊन वीस टक्के इथेनॉलमध्ये ठेवलं तर अनेक वर्षं चालतं. आमचं सध्याचं रेझिन पाच बॅच पाहून झालंय.

मोजणी

इथे जरा थांबू, कारण निम्मी मुलं ‘प्रोटीन मोजलं’ म्हणतात तेव्हा आपण नेमकं काय मोजलं हे त्यांना सांगता येत नाही. कुठलीही पद्धत प्रथिन मोजत नाही. प्रथिनाची एखादी खूण मोजते. जेल्डाल पद्धत नायट्रोजन मोजते आणि ६.२५ ने गुणते. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच आडोशाने: मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून पाणी घातलेलं दूधही कागदावर प्रथिनयुक्त दिसलं. बायुरेट पेप्टाइड बंध मोजतं. लॉरी त्याला टायरोसिन-ट्रिप्टोफॅनची जोड देते, पण ट्रिस असलं की गोंधळते, आणि आपण बफर ट्रिसचाच केलाय. म्हणून आपल्याला ब्रॅडफर्ड.

मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी १९७६ साली दिलेली ही पद्धत कुमासी ब्रिलियंट ब्लू जी-२५० या रंगावर चालते. आम्लात हा रंग तांबूस-तपकिरी असतो. प्रथिनाला, मुख्यतः त्यातल्या आर्जिनीनला, चिकटला की निळा होतो. १०० मिलिग्रॅम रंग ५० मिलि ९५ टक्के इथेनॉलमध्ये विरघळवा, १०० मिलि ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल घाला, पाण्याने लिटर करा, गाळा, गडद बाटलीत ठेवा.

तुलनेच्या स्टँडर्डला बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), मिलिला एक मिलिग्रॅम. सहा नळ्यांत ०, २०, ४०, ६०, ८०, १०० मायक्रोग्रॅम, प्रत्येकीत एकूण आकारमान ०.१ मिलि, वर पाच मिलि रंग. पाच मिनिटांनी ५९५ नॅनोमीटरला वाचा आणि प्रथिनासमोर रीडिंग मांडून कर्व्ह काढा. तासाभराच्या आत सगळं उरकायचं. दोन गोष्टी सांभाळा. एक, ब्लँकमध्ये (प्रथिन नसलेल्या, शून्य लावायच्या नळीत) पाणी नको, नमुना ज्या बफरमध्ये आहे तोच बफर हवा. दोन, क्वार्ट्झचं क्युव्हेट (रीडिंग घ्यायची चौकोनी नळी) वापरू नका. हा रंग क्वार्ट्झला चिकटतो. काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या.

बरणी १ मधला नमुना तसाच घातला तर नळी शाईसारखी होईल. चाळीसपट पातळ करा. ०.१ मिलिचं रीडिंग कर्व्हवर ५० मायक्रोग्रॅम दाखवत असेल तर हिशेब असा: मिलिला ०.५ मिलिग्रॅम, गुणिले ४० म्हणजे २०, गुणिले १५० मिलि म्हणजे ३,००० मिलिग्रॅम. अंड्यातल्या तीस मिलित दहा टक्के प्रथिन म्हणजे तीन ग्रॅमच. जुळलं. नाही जुळलं तर पुढे जाऊ नका. ‘आलं ते लिहिलं’ हे वाक्य मी पेपरात शून्य देण्यासाठी राखून ठेवलंय.

बरणी ६ साठी दुसरी, स्वस्तातली वाटही आहे. २८० नॅनोमीटरला प्रकाश मुख्यतः ट्रिप्टोफॅन शोषतं, थोडा टायरोसिन. लायसोझाइमच्या एवढ्याशा साखळीत ६ ट्रिप्टोफॅन आणि ३ टायरोसिन आहेत, त्यामुळे मिलिला एक मिलिग्रॅमचं द्रावण सुमारे २.६५ रीडिंग देतं. बीएसए तेवढंच घेतलं तर ०.६६ च्या आसपास. म्हणजे वजन सारखं, रीडिंग चौपट. ‘२८० ला एक म्हणजे एक मिलिग्रॅम’ हे जे सीनियर मुलं ज्युनियरना सांगतात ते इथे किती महागात पडेल पाहा. शुद्ध प्रथिनाला त्याचा स्वतःचा आकडा लावला तर ही पद्धत उत्तम. मिश्रणासाठी तिच्या भरवशावर राहू नका. बरणी ६ वीसपट पातळ करून ०.४० आलं तर ०.४० गुणिले २० भागिले २.६५, म्हणजे मिलिला ३ मिलिग्रॅम. पंचवीस मिलित ७५. इथे मात्र क्युव्हेट क्वार्ट्झचंच हवं, काच या लांबीचा प्रकाश गिळते.

जिवंत किती, म्हणजे काम करणारं एन्झाइम किती, हे पाहायला मायक्रोकॉकस या जिवाणूच्या वाळवलेल्या पेशी लागतात. ६६ मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ६.२४, त्यात पेशींचं दुधट पाणी असं करा की ४५० नॅनोमीटरला ०.६ ते ०.७ यावं. त्यातलं २.५ मिलि क्युव्हेटमध्ये, वर ०.१ मिलि एन्झाइम, उलटसुलट करा, घड्याळ सुरू. पेशी फुटतात तसं दूध निवळत जातं. मिनिटाला ०.००१ घट म्हणजे एक युनिट, पंचवीस अंशांना. बरणी ६ चारशेपट पातळ करून मिनिटाला ०.०२७ घट आली तर ०.१ मिलित २७ युनिट, मिलिला २७०, गुणिले ४००, १,०८,०००, पंचवीस मिलित २७ लाख. पातळ न करता घातलं तर झाकण लावेपर्यंत क्युव्हेट स्वच्छ झालेलं असतं, आणि मुलं म्हणतात, ‘मॅडम, अ‍ॅक्टिव्हिटीच नाही.’

गेल्या बॅचच्या एका वहीतलं टेबल असं होतं. सुरुवातीला ३,००० मिलिग्रॅम प्रथिन, ४० लाख युनिट, म्हणजे मिलिग्रॅमला १,३३३. सेंट्रिफ्यूजनंतर २,७०० मिलिग्रॅम, ३८ लाख, १,४०७. कॉलमनंतर ७५ मिलिग्रॅम, २७ लाख, ३६,०००. शुद्धता २७ पट वाढली, हाती आलं ६७.५ टक्के.

आता हे टेबल परीक्षकाच्या नजरेने वाचा. लायसोझाइम मुळात साडेतीन टक्के आहे. ते शंभर टक्के शुद्ध झालं तरी १०० भागिले ३.५ म्हणजे २८-२९ पटीच्या वर जाता येत नाही. एका वर्षी एका मुलाने ६४ पट लिहून आणलं आणि अभिनंदनाची वाट पाहत उभा राहिला. त्याने बरणी ६ चं ब्रॅडफर्ड साध्या पाण्याच्या ब्लँकवर आणि कर्व्हच्या तळाशी, जेमतेम पाच मायक्रोग्रॅमवर वाचलं होतं. रीडिंग कर्व्हच्या मध्यावर येईल एवढंच पातळ करायचं असतं.

जेल आणि डायलिसिस

कुठल्या बरणीत कुठलं प्रथिन आहे ते जेलवर दिसतं; विजेने ओढली की प्रथिनं तिच्यात आकारानुसार वेगळी होतात. जेल पंधरा टक्क्यांची घ्या, लायसोझाइम १४.३ किलोडाल्टनचं (रेणूचं वजन मोजायचं एकक), दहा टक्क्यांच्या जेलमधून ते तळाशी, सगळ्यांत पुढे धावणाऱ्या रंगाच्या निळ्या रेघेबरोबर पळतं. अ‍ॅक्रिलामाइड ओतण्याआधी मज्जातंतूंना घातक असतं, हातमोजे घाला. नमुन्यात एसडीएसबरोबर (प्रथिनाची घडी उलगडणारं साबणासारखं रसायन) मर्कॅप्टोइथेनॉल हवंच, ते चार पूल तोडल्याशिवाय साखळी सरळ होत नाही. ९५ अंशांना पाच मिनिटं. प्रत्येक खाचेत दहा मायक्रोग्रॅम, आणि बरण्या १ ते ७ सगळ्या शेजारीशेजारी. १ मध्ये ४५ किलोडाल्टनजवळ ओव्हाल्ब्युमिनचा जाड पट्टा आणि ७७ जवळ ओव्होट्रान्सफेरिन. ६ मध्ये तळाशी एकच. ४ मध्येही तळाला पट्टा ठसठशीत दिसला तर रेझिन कमी पडलं किंवा मीठ जास्त होतं. बरणी तशीच आहे, त्यामुळे काही बिघडलेलं नाही: पातळ करा, ताज्या रेझिनवर पुन्हा घाला.

आता माझी गोष्ट. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी असंच छान लायसोझाइम काढलं आणि मीठ घालवायला डायलिसिसच्या नळीत (लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या, मोठे आत ठेवणाऱ्या पातळ पडद्याच्या) भरून रात्रभर पाण्यात सोडलं. लॅबमध्ये एकच रीळ होतं, १२ ते १४ किलोडाल्टनचं. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता: भोक चौदाचं, रेणू चौदा पूर्णांक तीनचा, राहील आत. सकाळी पाणी बदललं, संध्याकाळी पुन्हा बदललं. तिसऱ्या दिवशी पिशवीत २८० चं रीडिंग जवळजवळ काही नाही. मी रडकुंडीला येऊन सरांकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाहेरचं पाणी कुठंय?’

ओतलं होतं. दोन्ही वेळा.

नळीवरचा तो आकडा म्हणजे काटेकोर चाळणी नव्हे. त्या आकड्याच्या आसपासचे रेणू हळूहळू गळतच राहतात, आणि आमच्या सरांचा नियम होता की आपला रेणू आकड्याच्या निदान दुप्पट तरी मोठा हवा. लायसोझाइमला ३.५ किलोडाल्टनची नळी घ्या. दोन लिटर पाणी, चार अंश, तीनदा बदल. आणि पहिलं बाहेरचं पाणी म्हणजे आपली बरणी ८. दोन लिटर बरणीत मावत नाही हे मलाही कळतं. बादली ठेवा, तिच्यावर ८ लिहा.

खडे

आता या प्रथिनाचे खडे, म्हणजे स्फटिक, करू; त्यासाठी ते आधी घट्ट करायला हवं. लायोफिलायझर (गोठवून वाळवणारं यंत्र) नसेल तर पिशवीच्या दोन्ही टोकांना नीट गाठ आहे ना ते पाहा आणि ती ताटात पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) २०,००० च्या कोरड्या भुकटीवर ठेवा. भुकटी पाणी ओढून घेते. दोन-तीन तासांत पंचवीस मिलिचं दोनेक मिलि होतं. साखर वापरू नका, ती आत शिरते. शेवटी प्रथिन ५० मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच ४.६ मध्ये आणा. मिलिला तीस ते चाळीस मिलिग्रॅम हवं.

त्याच अ‍ॅसिटेट बफरमध्ये दहा टक्के मीठ करा. खोल खाचांच्या प्लेटमध्ये एका खाचेत हे एक मिलि भरा आणि खाचेच्या काठाला ग्रीसची रेघ ओढा. कव्हरस्लिपवर पाच मायक्रोलिटर प्रथिन, त्यातच पाच मायक्रोलिटर मिठाचं पाणी. कव्हरस्लिप झटकन उलटी करून खाचेवर दाबून बसवा, थेंब खाली लटकेल. वीस अंशांच्या आसपास कोपऱ्यात ठेवा, आणि तासातासाला उघडून पाहू नका.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली, दहाच्या भिंगातून, पैलू पाडल्यासारखे स्वच्छ खडे दिसतात. वर्ग रांग लावतो. मग कुणीतरी शंका काढतंच: मॅडम, हे मिठाचेच खडे नसतील कशावरून? एक खडा वाया घालवायची तयारी ठेवा आणि बारीक सुईचं टोक त्याच्यावर टेकवा. मिठाचा असेल तर टणक लागतो, सुईखालून कट् करून सटकतो. प्रथिनाच्या खड्यात बरंचसं पाणीच असतं. तो कुजलेल्या खोबऱ्यासारखा दबतो आणि मुकाट्याने भुगा होतो.